दगडावरची घोंगडी

मुलांनो, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसांनो, खूप जुन्या काळी नदीच्या एका वळणावर एक गाव होतं. गावाला चावडी होती आणि चावडीसमोर एक काळा, गुळगुळीत दगड होता. त्याला शपथेचा दगड म्हणत. ज्याला साक्ष द्यायची असेल त्याने दगडावर पाणी ओतायचं, ओल्या दगडावर उजवा हात ठेवायचा आणि शपथ घ्यायची. कुणी नदीची घेई, कुणी आईची, कुणी पोटच्या पोराची.

शपथा सगळेच घेत. चोर घेई आणि ज्याच्या घरी चोरी झाली तोही घेई. त्यामुळे बिचाऱ्या न्यायाधीशाचं डोकं उठे आणि दगड मात्र हजार हातांनी झिजून आरशासारखा चकाके.

गावाच्या वर, टेकडीच्या उतारावर, वीस-बावीस घरांची एक वस्ती होती. तिथली माणसं प्रभू येशूच्या मागे चालणारी. त्यांची शेती गावासारखी, भाकरी गावासारखी, बोलणंही तेच. एका गोष्टीत मात्र ती अडून बसत. ती शपथ घेत नसत. माणसाने रोजच असं बोलावं की शपथ घ्यायची वेळच येऊ नये, अशी त्यांच्या प्रभूची शिकवण होती.

ह्या हट्टापायी वस्तीने मारही खाल्ला होता. फार पूर्वी तिथल्या एका बाईला साक्षीला बोलावलं. ती दगडाला हात लावीना. तिला चाबकाचे फटके दिले. ती म्हणाली, "बैल माझ्या भावानेच चोरला. मी पाहिलंय. मारायचं तेवढं मारा, शपथ घेणार नाही." सख्ख्या भावाविरुद्ध, आणि तेही फटके खाऊन! बैल भावाच्याच गोठ्यात निघाला. ही गोष्ट राजाच्या कानावर गेली आणि राजाने हुकूम काढला. ह्या वस्तीतलं माणूस साक्षीला उभं राहिलं की शपथेचा दगड झाकायचा. त्याच्या शब्दावर निकाल द्यायचा. पुढे चौकशी नाही.

तेव्हापासून चावडीत एक काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली असे. वस्तीतलं कुणी आलं की शिपाई ती दगडावर अंथरी आणि अख्खी चावडी गप्प होई.

ह्या वस्तीत दीना नावाची एक मुलगी होती. वय सतरा, आणि जिभेला धार. तिच्या आजोबांना सगळी वस्ती 'थोरले' म्हणे. ती त्यांना आबा म्हणे. चाळीस वर्षं वस्तीचा प्रत्येक निर्णय आबांनी घेतला होता. तुम्हाला ठाऊकच आहे, चाळीस वर्षं निर्णय घेणाऱ्या माणसाला आपण चुकू शकतो हे लक्षातच राहत नाही.

आबांच्या मनात एकच इच्छा होती. वस्तीच्या प्रार्थनामंदिराला गवताचं छप्पर होतं आणि ते गळे. रविवारी प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची प्रभुभोजनाची भाकरी मोडायची वेळ आली की वरून पाणी टपके. आबांना मरायच्या आधी तिथे सागवानी तुळया बघायच्या होत्या. सागाचं रान पाटलाचं. आणि बरीच वर्षं आढेवेढे घेऊन पाटील एकदाचा म्हणाला होता, "बघू. देऊ."

ती भाकरी ज्या दुरडीत ठेवत, ती भिवाने विणलेली होती. भिवा टोपल्या विणायचा. त्याची झोपडी गावाबाहेर, कडब्याच्या गंज्यांपलीकडे. गावाला त्याच्या टोपल्या हव्या असत, तो नको असे. वस्तीवर मात्र तो हक्काने येई, ओट्यावर बसून हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं पिई आणि दीनाची चेष्टा करी.

"दीनाताई, तुमच्या देवाच्या भाकरीला माझी दुरडी चालते. गावाला माझी सावली चालत नाही. तुमचा देव खाली गावात राहायला का येत नाही?"

"त्याला घर कोण देणार?" दीना म्हणे. "तुझ्या झोपडीत ठेवून घेशील?"

"घेईन की! पण त्याला बांबू सोलायला लागतील. फुकट कुणी खायचं नाही माझ्याकडे."

भिवाच्या दुरडीचा तळ ओळखू येई. बाकीचे विणकर एक पट्टी घालत तिथे तो दोन घाली. "तळ फसवा निघाला तर वरच्या नक्षीला काय चाटायचंय?" असं म्हणे.

एके दिवशी सकाळी आबा आणि दीना लाकडं आणायला टेकडीवर निघाले. तेव्हा त्यांना भिवा दिसला. हातात निखाऱ्यांचं गाडगं घेऊन तो गंज्यांच्या कडेने आपल्या झोपडीकडे चालला होता. बांबू शेकून वाकवायला त्याला रोजच विस्तव लागे. त्याने हात केला, दीनानेही केला.

दुपारी दोघं मोळ्या घेऊन उतरत होती. तेव्हा खाली गंज्यांच्या सावलीत पाटलाचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र चिलीम ओढत बसलेले दिसले. पाटलाच्या मुलाने चिलीम कडब्यावरच झटकली. मग तिघं हसत, एकमेकांना ढकलत निघून गेले. दीना आणि आबा अर्धा उतारही उतरले नव्हते, तोच धूर दिसला.

"आबा, गंज्या!"

दोघांनी मोळ्या टाकल्या. सगळं गाव घागरी घेऊन धावलं. काही उपयोग झाला नाही. गावच्या गुरांचा सहा महिन्यांचा चारा डोळ्यांदेखत राख झाला.

संध्याकाळपर्यंत गावाचं ठरलं होतं. गंज्यांजवळ विस्तव कुणाकडे असतो? भिवाकडे.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः टेकडी चढून वस्तीवर आला. तो कधी वर येत नसे. आबांच्या ओट्यावर बसला, घाम पुसला आणि छपराकडे बघत म्हणाला, "फारच गळत असेल नाही हो, थोरले? तुळया काढून ठेवल्यात. चांगल्या सोळा."

आबांनीही वर पाहिलं.

"आज तुम्हाला चावडीवर बोलावतील. काल तुम्ही उतारावर होता, हे गावाला ठाऊक आहे. मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणणार नाही. देवमाणूस तुम्ही. भिवा विस्तव घेऊन गंज्यांकडे जाताना तुम्ही पाहिलात ना?"

"पाहिला."

"ते खरं आहे ना?"

"आहे."

"मग विचारतील तेवढं सांगा. न विचारलेलं सांगावं, असं कुठं लिहिलंय?"

दीना आत चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं. पाटील गेल्यावर ती बाहेर आली तेव्हा आबा पागोटं बांधत होते. ते खूप वेळ बांधत होते.

चावडी भरली. शिपायाने दगडावर घोंगडी अंथरली.

न्यायाधीशाने विचारलं, "थोरले, काल सकाळी हा भिवा विस्तव घेऊन गंज्यांकडे जाताना तुम्ही पाहिला?"

"होय."

"आपल्या डोळ्यांनी?"

"होय."

संपलं. राजाचा हुकूमच होता, पुढे चौकशी नाही.

"थोरले, पुढचं सांगा की!" भिवा ओरडला. "मी झोपडीकडे गेलो, ते सांगा! बांबू शेकायला नेतो मी विस्तव. माझ्या दुरडीतली भाकरी खाता तुम्ही, तुम्हाला ठाऊक आहे!"

आबा घोंगडीकडे बघत राहिले. मग भिवाची नजर गर्दीत फिरली आणि थांबली.

"दीनाताई?"

शब्द दीनाच्या दातांपर्यंत आले होते. आबांनी तिचं मनगट धरलं. वस्तीत कुणालाही फाडफाड बोलणारी दीना त्या वेळी फक्त एवढाच विचार करू शकली, की चारचौघांत आबांना कसं खाली पाहायला लावू? घरी गेल्यावर बोलू.

घरी गेल्यावर बोलू! मुलांनो, ह्या तीन शब्दांनी जगात किती माणसं बुडाली असतील, त्याची मोजदाद कुणी केली आहे का?

सूर्य मावळायच्या आत भिवाला गावाची हद्द सोडायला लावली. झोपडी पाडली. तो पुढे, मागे त्याची बायको, तिच्या डोक्यावर टोपली आणि टोपलीत तान्हं मूल. दीनाने उतारावरून पाहिलं. ह्या वेळी भिवाने हात केला नाही.

घरी गेल्यावर ती बोलली. खूप बोलली.

"मी खोटं बोललो नाही," आबा म्हणाले.

"नाही बोललात. खोटं बोलला असतात तर पाप झालं एवढं तरी कळलं असतं तुम्हाला."

"तू कालची पोर. पाटलाशी वैर घेऊन टेकडीवर वीस घरं जगवता येतात का? मला वस्ती सांभाळायची आहे."

"त्या बाईने फटके खाल्ले, आबा. तिने काय सांभाळलं?"

आबांनी दिवा मालवला. ज्या गोष्टीची लाज वाटते तिला शहाणपण म्हणायची युक्ती मोठ्या माणसांना फार छान येते. पण त्या रात्री आबांना झोप लागली नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते.

तुळया आल्या. सोळा. महिन्याभरात छप्पर झालं आणि पहिल्या रविवारी भर पावसात सगळी वस्ती कोरड्या अंगाने बसली. आबांनी भाकरी मोडली. दुरडी हातोहात फिरत दीनापाशी आली. आत एक तुकडा उरला होता आणि खाली तळ दिसत होता. दुहेरी पट्ट्यांचा.

दीनाने तुकडा घेतला नाही. दुरडी उचलली आणि पावसात बाहेर पडली.

त्या दिवशी गावचा बाजार होता. चावडी चालू होती. दीना मधोमध जाऊन उभी राहिली. शिपाई सवयीने घोंगडी घेऊन उठला.

"गंज्या भिवाने जाळल्या नाहीत," ती म्हणाली. "पाटलाच्या मुलाच्या चिलमीने जळल्या. मी पाहिलं. आबांनीही पाहिलं."

"पोरीला बाधा झाली," पाटील हसत म्हणाला. कुणीच हसलं नाही.

न्यायाधीशाने शिपायाला हात केला. "थांब. घोंगडी अंथरू नकोस." मग तो दीनाकडे वळला. "मुली, आजवर तुमच्या वस्तीचा शब्द एकच असायचा. आज दोन झाले. ह्यातला कुठला धरू? दगडावर हात ठेव आणि शपथ घे, म्हणजे ऐकतो."

दीनाने दगडाकडे पाहिलं. पावसाने तो ओलाच होता. एक हात ठेवायचा अवकाश, आणि भिवावरचा आळ सुटत होता. आणि त्या बाईचे फटके वाया जात होते. तिला रडू आलं, ते रागाचं की लाजेचं हे तिलाही कळलं नाही.

"शपथ घेणार नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं ते खरं आहे."

"मग मला ऐकता येत नाही."

तेव्हा गर्दीच्या मागून आबा पुढे आले. दीनाच्या मागोमाग ते टेकडी उतरून आले होते. पागोटं न बांधता, भिजलेले. ते दगडाजवळ गेले नाहीत. दीनाच्या शेजारी उभे राहिले.

"ती खरं बोलते," आबा म्हणाले. "माझं होय अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी छपराला विकलं."

पाटलाच्या मुलाला बोलावलं. दोन प्रश्नांतच तो कबूल झाला आणि त्याला शिक्षा झाली. भिवाला परत आणायला तीन वाटांनी तीन घोडेस्वार धाडले. दोघं तसेच परतले. तिसऱ्याला नदीवर एक नावाडी भेटला. तो म्हणाला, "होय, पलीकडे सोडलं मी त्यांना. मूल तापलेलं होतं. पुढे कुठे गेले, देव जाणे."

आबांनी न्यायाधीशाला हात जोडून विचारलं, "आता वस्तीचं काय?"

"थोरले, आज तुम्ही खरं बोललात," न्यायाधीश म्हणाला. "पण ह्यापुढे तुमच्यातला कुणी होय म्हणाला, तर ते अख्खं आहे की अर्धं, हे मी कसं ओळखू?"

घोंगडी पुन्हा कधी अंथरली नाही. काही दिवसांनी शिपायाने ती घरी नेली, पावसात बकरीच्या पाठीवर टाकायला.

आबा त्याच वर्षी वारले. छप्पर मात्र उत्तम टिकलं. थेंब गळत नाही. त्याखाली वाढलेली मुलं मोठी झाली, चावडीवर जाऊ लागली आणि सगळ्यांसारखी ओल्या दगडावर हात ठेवून शपथ घेऊ लागली. एकटी दीना कधी घेईना, म्हणून चावडीत तिचा शब्द शेवटपर्यंत धरला गेला नाही. ती म्हातारी झाली तरी दरवर्षी नदीपलीकडच्या जत्रांना जायची. टोपल्यांच्या दुकानापुढे बसायची आणि एकेक दुरडी उलटी करून तिचा तळ बघायची.

दुकानदार विचारायचे, "आजी, घ्यायची आहे का?"

ती मान हलवून पुढची दुरडी उचलायची.

तात्पर्य : जगाहून वेगळं चालण्याचा मान पूर्वजांकडून मिळू शकतो, पण ज्या दिवशी तसं चालणं महाग पडतं त्या दिवशी ज्याचं त्यालाच चालावं लागतं.