नळीतलं तेल, तारेतला निरोप

एकदा एका वृद्ध वस्तादाच्या गॅरेजात एक गाडी आली. तिचा मालक मात्र आता या जगात नव्हता. तो वस्तादाच्या शिष्याचा थोरला भाऊ. दूरच्या शहरात नोकरीला होता आणि तिथेच दुखण्याने गेला. दुखणे बरेच दिवस शरीरात होते, पण ते घरी कळले त्याच्या मरणाच्या बातमीबरोबरच. तोवर फोनवर नेहमी एकच बोलणे येत असे, "मी मजेत आहे रे. तू काम शीक."

आता ती गाडी शिष्याने घाटात भाड्याने चालवायची होती. गावाकडे राहणाऱ्या आईचा आणि त्याचा संसार तिच्यावर चालायचा होता.

सकाळी वस्ताद आले आणि दारातच थबकले. शिष्याने गाडीचा डॅशबोर्ड उघडून मीटरच्या साऱ्या वायरी पक्कडीने कापून टाकल्या होत्या. चांगल्या, चालू वायरी.

"उंदीर शिरला होता का रे?" वस्तादांनी विचारले.

"मी कापल्या. वायरचा मीटर मला नको. नळीचा बसवणार."

"का?"

"वायर खोटं बोलते."

इंजिनात तेलाचा दाब किती आहे, हे चालकाला दोन रीतींनी कळते. एका रीतीत इंजिनावरच्या सेन्सरपासून मीटरपर्यंत वायर येते आणि वायरमधून फक्त निरोप येतो. दुसऱ्या रीतीत बारीक तांब्याची नळी येते, आणि तिच्यातून इंजिनातले तेलच स्वतः मीटरपर्यंत येऊन काटा ढकलते.

"माझ्याशी तर इतक्या वर्षांत कुठली वायर खोटं बोलली नाही," वस्ताद म्हणाले. "नासली तर नासली म्हणून कळतं."

"तुम्हाला कळतं! आत सगळं जळत असतं, आणि बाहेर काटा म्हणतो, ठीक आहे, मजेत आहे." शिष्याचा आवाज फुटला. "मला खरं पाहिजे, वस्ताद. आत जे आहे तेच."

हे बोलणे गाडीचे नाही, हे वस्तादांनी ओळखले. त्यांनी समजूत घातली नाही. "बरं. आण तुझी नळी," एवढेच म्हणाले.

त्यांनी आधी इंजिन चांगले तापू दिले. मग ते बंद करून सेन्सर काढला, त्या जागी नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक आत चालकाच्या जागेपर्यंत आणले. आता मीटर जोडायचा. पण वस्तादांनी तो खिशात टाकला. शिष्याला बसायला सांगून नळीचे उघडे तोंड त्याच्या हाती दिले.

"अंगठा दाबून धर. आता सेल्फ मार."

इंजिन सुरू झाले. क्षणभर काही नाही. मग अंगठ्याखाली काहीतरी येऊन टेकले. आंधळे, जिवंत, आतून ढकलणारे. शिष्याने ॲक्सिलरेटर किंचित दाबला. ते अधिक जोराने ढकलू लागले. सोडला, ते मवाळ झाले. इतकी वर्षे त्याने इंजिने उघडली होती, पुसली होती, पुन्हा बांधली होती. पण चालत्या इंजिनाने त्याला असा स्पर्श कधी केला नव्हता. आजारी माणसाची नाडी धरून बसावे, तसा तो बसून राहिला.

"हे... हे तर बोलतंय, वस्ताद!"

"बोलणारच. खरं तेल आहे. आता गाडी बाहेर काढ."

तोवर नळी तापली होती. अंगठ्याच्या कडेने तेल झिरपून मनगटावर, मांडीवर ओघळू लागले होते.

"कशी काढू? हात भाजतोय!"

"खरं पाहिजे होतं ना? धर की."

"अहो, मग स्टिअरिंग काय पायानं धरू?"

वस्तादांनी हात घालून चावी फिरवली. इंजिन शांत झाले. त्यांनी शिष्याचा हात स्वतः फडक्याने पुसला आणि म्हणाले,

"खरं असं कढत येतं, पोरा. ते हातात घेतलं की दुसरं काही धरता येत नाही. वायर कशाला असते? आतला ताप आत राहावा आणि चालवणाऱ्याचे हात मोकळे राहावेत म्हणून. तुझ्या भावानं खरं सांगितलं असतं, तर तू इथे टिकला असतास? त्याच दिवशी पाना टाकून पळाला असतास. हे त्याला ठाऊक होतं. तो तिकडे एकटा भाजत होता, आणि तुझ्यापर्यंत त्यानं एक थेंब येऊ दिला नाही."

शिष्य आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. ज्याच्यावर तो इतके दिवस चिडला होता, तो भाऊ त्याला आज प्रथमच केवढा तरी मोठा दिसला. किती कढत होते ते, आणि किती सहज म्हणाला होता तो, मजेत आहे.

त्याने विचारले, "मग नळीचा मीटर बसवायचाच नाही?"

"बसव की! पण बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी. फाटा काढून सेन्सरही परत बसव, आणि वायरचा डोळ्यांसमोर ठेव. ती ठीक म्हणाली तर रस्ता कापायचा. पण अधूनमधून गाडी थांबवायची, खाली उतरायचं, बॉनेट उचलून स्वतः बघायचं. निरोपावर विश्वास ठेवावा. पण नुसत्या निरोपावर सोडून देऊ नये."

शिष्य कापलेल्या वायरींची टोके सोलू लागला. दोन वायरी जोडून झाल्या आणि त्याचा हात थांबला.

"वस्ताद, सकाळी आईशी बोललो. म्हणाली, मी बरी आहे, माझी काळजी करू नको."

वस्तादांनी त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"राहिलेल्या मी जोडतो," ते म्हणाले. "तू नीघ."