ब्रियांदाने पेरलेलं पाणी

फार वर्षं झाली या गोष्टीला. स्पेनच्या दक्षिणेला बर्फाचे डोंगर समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. तिथल्या एका उतारावर बेनिहार नावाचं गाव आहे. पांढरी घरं एकाच्या खांद्यावर एक चढलेली, खालच्याचं धाबं तेच वरच्याचं अंगण. त्या गावात ब्रियांदा राहायची. ती पाटकरीण होती. डोंगरावरून येणाऱ्या पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, ते ती ठरवायची. तिच्या आधी तिचा बाप ठरवायचा. खडकाला कान लावला की आत पाणी किती खोल आहे ते तिला कळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी राजाचा हुकूम आला. ज्यांचे पणजोबा वेगळ्या धर्माचे होते, त्या सगळ्यांनी डोंगर सोडायचा. शिपाई आले आणि दोन दिवसांत गाव रिकामं झालं. एकट्या ब्रियांदाला मागे ठेवलं, कारण नव्या येणाऱ्यांना पाण्याच्या वाटा दाखवायला कुणीतरी हवं होतं. तिची एकुलती एक लेक, लुसिया, बाकीच्यांबरोबर गेली. ब्रियांदाने तिच्या ओच्यात सुके अंजीर घातले. लेक वळणाआड गेली, तरी आई उन्हं उतरेपर्यंत तिथंच उभी होती.

मग नवे लोक आले. ते उत्तरेकडचे, जिथं बारा महिने पाऊस पडतो. पाणी वरून पडतं एवढंच त्यांना ठाऊक. फ्रोइलान हा त्यांचा म्होरक्या. त्याने ब्रियांदाचं घर घेतलं आणि तिला तिच्याच शेळ्यांच्या गोठ्यात जागा दिली.

वसंतात बर्फ वितळू लागलं, तशी ब्रियांदा फावडं घेऊन वर गेली. गावाच्या बऱ्याच वर एके ठिकाणी खडकाला भेगा होत्या. तिने ओढा तिकडे वळवला. पाणी भेगांत शिरायचं आणि नाहीसं व्हायचं. फ्रोइलानने ते पाहिलं आणि गावभर सांगितलं, की ही बाई आपल्यावर सूड उगवते आहे. लोकांनी तिचं फावडं काढून घेतलं. ती एवढंच म्हणाली, “आज पेरलं नाही, तर उन्हाळ्यात काय काढाल?”

लोक हसले. पाणी का कुणी पेरतं? त्यांनी भेगा दगडांनी बुजवल्या आणि सगळं पाणी खाली शेतांत सोडलं. शेतं हिरवीगार झाली. पण अर्धा उन्हाळा सरला, वरचं बर्फ संपलं आणि पाट कोरडा पडला. मग गावचा झरा, जो कधी आटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, तोही, वरून भेगांत मुरणारं पाणी तुटल्यामुळे, सुतासारखा बारीक झाला आणि एका सकाळी थांबला.

फ्रोइलानची बायको मिन्या महिन्याची बाळंतीण होती. तिचं दूध आटत चाललं होतं. नवऱ्याला न सांगता ती बाळाला घेऊन गोठ्यापाशी आली आणि उंबऱ्यावर बसली. ती म्हणाली, “मावशी, आम्ही तुझं सगळं घेतलं. तू आम्हाला पाणी का देशील?”

ब्रियांदाने बाळाचे कोरडे ओठ पाहिले.

“माझी लेक या घडीला कुणाच्या तरी दारात पाणी मागत असेल,” ती म्हणाली. “मी इथं नाही म्हटलं, तर तिला तिथं हो कोण म्हणेल?”

ती अनवाणी डोंगरावर गेली. दोन दिवस एकेका खडकाला कान लावत फिरली. तिसऱ्या सकाळी एका कातळावर हात ठेवून, झोपलेल्या लेकराला उठवावं तशी हळू आवाजात बोलली. कातळाला घाम फुटला. मग थेंब आला, मग धार लागली. कुणी म्हणतात, ते तिच्या बापाने कधीकाळी पेरलेलं पाणी होतं. कुणी म्हणतात, डोंगराला तिचा शब्द मोडवला नाही. ती धार पहिलं बर्फ पडेपर्यंत वाहिली. पिकं जळाली, पण माणूस एकही गेलं नाही.

फ्रोइलान डोक्यावरची टोपी काढून आला. दोन्ही हातांत तिचं फावडं होतं. ते त्याने तिच्यापुढे धरलं. वसंतात मला शिकवशील का, असं त्याने विचारलं.

“वसंतात नाही, उद्यापासून,” ब्रियांदा म्हणाली. “दगड ओळखायलाच वर्ष जातं.”

एकोणीस वर्षं तिने त्या गावाला पाणी पेरायला शिकवलं. वाटेवर कुणी परका दिसला की ती हातातलं काम टाकून उठायची. आधी पाणी द्यायची, मग तोंडाकडे नीट पाहायची, मग नाव विचारायची. लुसिया काही आली नाही.

मग एका वसंतात ब्रियांदा वर गेली ती परतलीच नाही. तिची पावलं पाणी खडकात शिरतं तिथपर्यंत गेली होती. पुढे नव्हती, परतीचीही नव्हती. ती डोंगराच्या पोटात गेली आणि तिथं पाण्याला वाट दाखवते, असं म्हणतात.

बेनिहारमध्ये आजही ओढा भेगांकडे वळवायच्या दिवशी सगळं गाव फावडी घेऊन वर चढतं. पहिली माती सर्वांत म्हातारी बाई ओढते. पण कुणी परका येऊन गावाच्या हातचं वाडगाभर पाणी पिईपर्यंत, कुणीही आपल्या शेताकडे पाणी वळवत नाही. शेजारच्या गावचा पोस्टमन चालत नाही. परकाच लागतो. एका वर्षी इतकं धुकं होतं, की संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही. सगळं गाव वाटेच्या कडेला बसून राहिलं. अखेर रस्ता चुकलेला एक ट्रकवाला आला. खाली उतरून पाहतो तर शंभर माणसं त्याच्यासाठी उभी राहिलेली. तो घाबरला. माझं काय चुकलं, असं त्याने विचारलं.

“काही नाही, बाळा,” वाडगा पुढे करत म्हातारी म्हणाली. “आधी पी.”