कारभाऱ्यांचं पागोटं

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी संस्थानातल्या रंगाऱ्यांच्या कढया पालथ्या पडल्या. बेकारांना सरकारातून सहा महिने शिधा मिळाला, मग मुदत संपली. ती वाढवून हवी तर कारभारी त्र्यंबकपंतांपुढे उभं राहायचं, आणि पंतांना माणसापेक्षा पुरावा प्यारा.

पहिल्या रंगाऱ्याच्या नखांत रंग दिसला. "तुला काम आहे. नीघ!" पंत खेकसले. डाग जुना होता, पण ऐकतो कोण?

मागे सटवाजी रंगारी होता. त्याचे हात स्वच्छ. पंत म्हणाले, "हा कसला रंगारी? रंगारी असल्याचा पुरावा आण, आणि काम नसल्याचाही."

सटवाजीनं हात जोडले. "दोन्ही पुरावे आपल्याच डोक्यावर आहेत, सरकार. पागोट्याची एक घडी उलगडून बघावी."

पंतांनी तोऱ्यात घडी उलगडली. आतून लाल कुसुंबी, बाहेरून विटून मातकट.

"आतला रंग माझा. दर दसऱ्याला मीच चढवायचो. यंदा आपणसुद्धा पागोटं रंगायला धाडलं नाहीत, मग इतरांचं काय सांगू?"

पंतांनी मान खाली घालून दोघांचाही शिधा वाढवला.

शिधा सरकारचा होता; पंतांच्या स्वतःच्या पैशानं रंगायचं पागोटं मात्र पुढच्या दसऱ्यालाही रंगायला आलं नाही.