गोजरामायचं सूत

ऐका बायांनो, ऐका लेकरांनो. फार वर्षं झाली. कोळदरा नावाची सत्तावीस घरांची वस्ती होती, आणि तिथं गोजरामाय राहत होती. दर रविवारी ती आदित्याचं व्रत करायची. तिच्या छपरावर सोलरच्या प्लेटा होत्या. दिवसभर त्यांच्यावर कंदील चार्ज करायचे आणि दिवेलागणीला घरोघर द्यायचे, हा तिचा नेम. तिनं सूर्याला हात जोडले, की ढगाळ दिवशीसुद्धा कंदील तेजानं भरायचे, असं म्हणतात.

प्लेटा वाढवाव्यात म्हणून तिनं सरकारी अनुदानाचा अर्ज केला. उत्तर काय आलं? वीज पोचलेल्या गावाला अनुदान नाही, आणि तिथं परवान्यावाचून कुणी उजेड पुरवायचाही नाही. प्लेटा आठ दिवसांत उतरवा!

वीज कुठली? वेशीपाशी एक खांब पुरला होता. ना तार, ना दिवा. पण कागदावर वस्ती उजळून मोकळी झाली होती.

"म्हशीला अंग घासायला बरा आहे," वस्तीतला झिपरूआबा खांबाकडे बघून म्हणायचा.

गोजरामायला हसू येईना. जन्मात तिनं कुणाला अरेतुरे केलं नव्हतं, पण उत्तर आलं त्या दिवशी तिच्या तोंडी शिवी आली. अंधारात अडलेल्या बाळंतिणी तिनं पाहिल्या होत्या, आणि ही माणसं टेबलाशी बसून उजेड खोडून टाकतात?

रथसप्तमीला वीजखात्याचा साहेब प्लेटा उतरवायला आला. गोजरामायनं अंगणात दूध उतू घातलं. मग वडाला गुंडाळतात तसलं पांढरं सूत खांबाला बांधून सत्तावीसही दारांना नेलं.

"हे काय चाललंय, बाई?"

"खांब तुमचा होताच, दादा, तार तेवढी राहिली होती. ती मी लावली. आता वीज येऊ द्या. आली, तर प्लेटा मीच उतरवते."

साहेब हसला. हसत हसत त्यानं सुताला बोट लावलं आणि चटका बसून तीन हात मागं पडला, असं म्हणतात.

"यात वीज आहे!" तो ओरडला. "पण ती आमच्या खात्याची नाही!"

"मग तेवढंच लिहा ना," गोजरामाय म्हणाली.

त्यानं लिहिलं, 'खात्याची वीज नाही'. त्या एका ओळीवर प्लेटा राहिल्या, आणि अनुदानही आलं.

गोजरामाय गेली. तार अजून आलेली नाही. पण दर रथसप्तमीला दूध उतू गेलं, की कोळदऱ्याच्या बाया त्या खांबापासून दारोदार सूत नेतात. एकीनं विचारायचं, "वीज आली का गं?" सगळ्यांनी म्हणायचं, "त्यांची नाही, आपली आली!" मग पहिला कंदील गोजरामायच्या नावानं खांबाला टांगतात.

सूर्यनारायणा, तिच्या दारी आलास तसा अंधारातल्या प्रत्येक दारी ये, आणि टेबलाशी बसलेल्यांच्या डोळ्यांतही थोडा ये.