गोदीचे पंचवीस

“पण गुरुजी, बत्तीसातून सतरा गेले तर पंचवीस उरतील कसे?”

दिगंबरने वही हैबती गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. वही गोदीची. गोदी म्हणजे शिवराम कुंभाराची तिसरीतली मुलगी. पानभर वजाबाक्या होत्या आणि पानभर लाल फुल्या.

गुरुजी ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होते. याच गावच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं. दिगंबर त्यांचाच विद्यार्थी, आता त्याच शाळेत मास्तर. गणितात जिल्ह्यात पहिला आलेला, ट्रेनिंग कॉलेजात पदक मिळवलेला, आणि या दोन्ही गोष्टी बोलण्यात कुठेतरी येतील याची काळजी घेणारा.

माणूस कष्टाळू होता, हेही सांगायला हवं. महिनाभर शाळा सुटल्यावर गोदीला थांबवून त्याने तिला शंभरावर वजाबाक्या घातल्या होत्या.

आता त्याचा निर्णय झाला होता. गोदीला गणित येणार नाही. तिला पुन्हा पहिलीत बसवायचं. दुसऱ्या दिवशी शाळा कमिटीची बैठक होती. गुरुजी हो म्हणाले की कमिटी हो म्हणणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि पोरगी मागे बसली तर शिवराम तिला शाळेतून काढून माती तुडवायला लावणार, हेही. तसं त्याने सांगूनच टाकलं होतं.

“तुमचा होकार हवा,” दिगंबर म्हणाला.

“देतो की.” गुरुजींनी दोरी बाजूला ठेवली. “आधी एक गणित कर. चौसष्टातून अडतीस.”

दिगंबर हसला. खिशातली पेन्सिल काढून त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, सव्वीस.

“हे तुझं झालं. आता गोदीचं लिही.”

“म्हणजे?”

“या गणिताला गोदी काय लिहील, ते लिही. बरोबर आलं तर होकार तुझा.”

हा पोरखेळ आहे असं दिगंबरला वाटलं. पण गुरुजींपुढे बोलायची सोय नव्हती. त्याने अंदाजाने चोवीस लिहिलं. गुरुजींनी मान हलवली. त्याने ते खोडून तीस लिहिलं.

“हे तर कुणाचंच नाही.”

“गुरुजी, चुकीला काही ताळतंत्र असतं का?”

गुरुजींनी वहीचं पहिलं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं आणि पुन्हा दोरी हातात घेतली.

ती वही दिगंबरने महिनाभर रोज पाहिली होती. पाहिली म्हणजे काय, उत्तर पाहिलं, फुली मारली, पान उलटलं. फुलीखाली काय आहे ते तो आज पहिल्यांदा वाचत होता. बत्तीसातून सतरा, पंचवीस. त्रेपन्नातून अठ्ठावीस, पस्तीस. साठातून चोवीस, चव्वेचाळीस...

बराच वेळ गेला.

मला गुरुजींचं खरं कौतुक वाटतं ते इथे. उत्तर त्यांना ठाऊक होतं, अगदी जिभेवर होतं. पण समोरचा शोधत असताना आपण गप्प बसायचं, हे फार थोड्या शिक्षकांना जमतं. मला तर मुळीच जमलं नसतं.

दिगंबरचं बोट एका ओळीवर थांबलं.

“दोनातून सात जात नाहीत...” तो पुटपुटला. “म्हणून तिने सातातून दोन काढले. इथे आठातून तीन... इथे चारातून शून्य...”

बोट भराभर खाली सरकू लागलं. शंभर गणितं, आणि सगळीकडे तीच एक रीत. आकडा वर असो की खाली, जो मोठा असेल त्यातून लहान वजा.

त्याने मागच्या पानावर लिहिलं, चौतीस.

“हे गोदीचं,” गुरुजी म्हणाले. “तिला ही रीत शिकवली कुणी?”

दिगंबरचे कान लाल झाले. वर्षाच्या सुरुवातीला त्यानेच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणून घेतलं होतं. नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.

“मी अख्ख्या संख्येबद्दल बोलत होतो,” तो कसाबसा म्हणाला. “एकेका आकड्याबद्दल नाही.”

“असं तिला सांगितलंस?”

“नाही... पण गुरुजी, तिचं तिला काही कळू नये?”

गुरुजींनी मग चार दिवसांपूर्वीची गोष्ट सांगितली. ते माठ आणायला कुंभारवाड्यात गेले होते. शिवराम भट्टी उघडत होता. बत्तीस माठ लावले होते, त्यातले सतरा तडकून निघाले. शिवराम डोकं धरून बसला. गोदीने माठांना हातही लावला नाही. पंधरा चांगले आहेत, म्हणाली, आणि बापाला पाणी आणून दिलं. गुरुजींनी तिला जवळ बोलावलं आणि राखेत बोटाने तेच गणित मांडलं. तिने क्षणभरही न थांबता खाली पंचवीस लिहिलं.

“मी म्हटलं, अगं, आत्ता तर पंधरा म्हणालीस. तर म्हणाली, ‘ते घरचं हाय, गुरुजी. शाळंत मास्तर सांगत्यात तसंच करायचं असतंय.’”

दिगंबर वहीकडे पाहत राहिला. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त त्या पोरीची कणव आली.

“उत्तर बरोबर आलं तुझं,” गुरुजी म्हणाले. “कबूल केल्याप्रमाणे होकार दिला मी. सांग उद्या कमिटीला.”

“नको, गुरुजी. गोदी तिसरीतच बसेल.” त्याचा आवाज खाली आला. “पण... आता मी तिला काय शिकवू?”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. रागाचं काही नव्हतं त्या पाहण्यात.

“दिगू, चाळीस वर्षं शिकवलं मी. तुझ्यासारखी हुशार पोरं पुष्कळ मिळाली... गोदीने तुझा झेलला तसा माझा शब्द झेलणारं एकही मिळालं नाही.”