गजपुटाचा मुहूर्त

“आणि हत्ती कधी, बाबा?”

त्रिविक्रमनं तिसऱ्यांदा विचारलं. धुंडीनाथ पडवीत बसून खलात पारा घोटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बालाघाटातल्या त्या मठात रसविद्या शिकवत. धातू, अभ्रक जाळून त्याचं भस्म करायचं, भस्माचं औषध. त्यासाठी लागणाऱ्या आगींना, म्हणजे पुटांना, जनावरांची नावं होती. आठ गोवऱ्यांची ती कबुतराची आग. त्याहून मोठी कोंबड्याची, मग रानडुकराची. आणि सर्वांत मोठं गजपुट... हजार गोवऱ्यांची, हत्तीची आग.

“नुसता धातू जळत नाही,” नाथबाबा सांगत. “कबुतराच्या आगीत माणसाचं दचकणं जळतं. कोंबड्याच्या आगीत आरवणं.”

“रानडुकराचीही झाली, बाबा,” त्रिविक्रम म्हणाला. “हाव गेली माझी. आता मद तेवढा उरलाय. हत्ती द्या.”

“मद गेला की ये.”

“तो हत्तीच्याच आगीत जायचा ना?”

बाबांचा हात थांबला. मग ते हसले.

“शनिवारी पुष्य नक्षत्र आहे. मुहूर्त दोन घटकांचा. देवळातला नगारा वाजला की संपला. रविवारी मी गिरनारला निघतो, परत यायचा नाही. आग दिलीस तर मठाची किल्ली तुझी.”

“आणि नाही दिली तर?”

“तर तू शिष्यच.”

त्रिविक्रमला त्यात काळजीसारखं काही वाटलं नाही. तीन वर्षांत त्याची एकही आग वाया गेली नव्हती.

त्यानं चार दिवस खपून खड्डा खणला. शुक्रवारी निम्म्या गोवऱ्या खाली रचल्या, मधोमध अभ्रकाचा संपुट ठेवला. मातीचे दोन पसरट परळ तोंडाला तोंड लावून, मातकापडानं घट्ट बंद केलेले. वर उरलेल्या गोवऱ्या.

शनिवारी सकाळी न्हाऊन, पेटता पलिता घेऊन तो खड्ड्याशी आला. अंगणात कुणी नव्हतं. बाबा आत वळकटी बांधत होते.

पलिता खाली नेला, आणि गोवऱ्यांच्या आतून बारीक आवाज आला.

तो थबकला... पुन्हा आला.

मठातली करडी मांजरी आठवडाभर जड पोटानं कोपरे हुंगत फिरत होती. काल ती कुठं दिसली नव्हती.

आपण ऐकलंच नाही, असं धरलं तर? गोवऱ्या पेटल्या की तडतडतात. त्यात कुणाला काय कळणार?

त्यानं पलिता अगदी गोवरीच्या कडेला टेकवत आणला. कडेला धूर आला.

मग त्यानं पलिता पाण्याच्या घागरीत खुपसला.

आधी तो दोन्ही हातांनी भराभरा गोवऱ्या उपसू लागला. ढीग ढासळू लागला, तेव्हा एकेक करून. आवाज नेमका कुठून येतोय ते ऐकत, श्वास धरून. मधला संपुट घसरला आणि खड्ड्याच्या भिंतीवर आपटून फुटला. अभ्रक मातीत सांडलं.

नगारा वाजला. त्याला तो ऐकू आला, पण हात थांबले नाहीत.

खाली चार पिलं होती. डोळे मिटलेली, ओली, बोटाएवढी. तो ती उपरण्यात घेत होता, तेवढ्यात मांजरी कुठूनशी धावत आली आणि तिनं त्याचं मनगट ओरबाडलं. त्यानं हात मागे घेतला नाही. पिलं पडवीतल्या टोपलीत ठेवली, तीही टोपलीत शिरली.

मग तो आत गेला.

“आग दिली नाही, बाबा.”

“मुहूर्त गेला?”

“गेला. संपुटही फुटला.”

“का?”

“मांजरी व्यायली होती आत.”

बाबांनी वळकटी बाजूला ठेवली. त्याचे शेणानं बरबटलेले हात आपल्या हातांत घेतले, मनगटावरचं रक्त पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. “तुझं पुट झालं.”

त्रिविक्रमला काही उमजेना. किल्ली परत करावी म्हणून त्यानं हात पुढे केला.

“बाबा, कबूतर आहे, कोंबडा आहे, हत्ती आहे... पण मांजराचं पुट कुठल्याच ग्रंथात नाही.”

धुंडीनाथांनी त्याची मूठ मिटली.

“ज्यांना ती आच लागली, ते लिहीत बसले नाहीत.”