चमच्यांच्या पिसाऱ्याचा मोर

भंगारालाही बोलता यायचं, त्या काळातली गोष्ट. एका गावाच्या बागेत जुन्या चमच्यांचा पिसारा लावलेला लोखंडी मोर उभा होता. त्याच्या पत्र्याच्या पोटात एक साळुंकी घरटं बांधत होती.

एका सकाळी गेनू माळी कुणाला तरी म्हणाला, "उद्या कटर घेऊन येणारेत, त्या मोराला..." पुढचं पाण्याच्या मोटारीच्या आवाजात बुडालं.

मोराला धडकीच भरली. आपल्याला कापताना ठिणग्यांत साळुंकी भाजून निघेल! पण तिला खरं कारण सांगितलं, तर ती मेली मायाळू, आपल्याला सोडून हलायची नाही. म्हणून तो मुद्दाम खेकसला, "चालती हो! माझं पोट काय धर्मशाळा वाटली तुला?"

"अंडी घालायच्या दिवसांत हाकलतोस, दादा?" एवढंच बोलून ती उडाली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर कटर घेऊन आला खरा, पण त्यानं मोराचा गंजलेला पाय तेवढा कापला आणि नवा जोडला. पोटापर्यंत एक ठिणगीसुद्धा आली नाही.

चार दिवसांनी समोरच्या पत्र्याच्या घोड्यात साळुंकी दिसली. मोरानं रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. "ये गं परत."

"तेव्हाच सांगायचं होतंस रे, दादा," ती म्हणाली. "आता अंडी इथं घातलीत मी."